‘मुद्दे नाहीत’ असा शेरा मारणाऱ्या आपणा सर्वांना

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या, तपासलेल्या पेपरांवर नियामक म्हणून बसणाऱ्या आणि प्रश्न काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

स. न. वि. वि.

मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत मराठी शिकवतो. संध्याकाळी साडेसहाला आमची पहिली तासिका भरते. समोर बसणाऱ्यांना सवयीनं ‘मुलं’ म्हणतो, पण त्यात कुणी कॅन्टीनमधून सुटून आलेला असतो, कुणी कुरियरची पिशवी बाकाखाली सरकवून बसलेला, तर कुणी चार घरची धुणीभांडी उरकून आलेली. दुसऱ्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. बोर्डाचे पेपरही अनेक वर्षं तपासले आहेत. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते बाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही, आपल्याच पंगतीत बसलेल्याचं आहे.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना पूर्वपरीक्षेचा एक जुना गठ्ठा सापडला. त्या पेपरात मी राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला पानभर उतारा घातला होता, दारुड्या सुधाकराच्या हातून मूल दगावतं आणि त्याची बायको सिंधू फौजदाराला साक्ष देते तो, आणि खाली चार मार्कांचा प्रश्न होता, ‘सिंधूचे व्यक्तिचित्र तुमच्या शब्दांत रेखाटा.’ एका बाईंचं उत्तर असं होतं:

‘सिंधू चांगली आहे पण मला पटत नाही. मूल गेलं तरी तिने फौजदाराला खोटं सांगितलं. त्यामुळे सुधाकर सुटला. आमच्या चाळीत अशी एक आहे. तिचा नवरा अजून पितो.’

शेजारी माझ्या लाल पेनानं लिहिलेलं आहे, ‘मुद्दे नाहीत’, आणि गोलात १.

मला ती संध्याकाळ आठवते. पेपर हातात मिळाल्यावर त्या टेबलाशी आल्या. भांडायला नाही, विचारायला. ‘सर, कुठला मुद्दा नव्हता?’ मी म्हणालो, ‘त्याग, सहनशीलता, पतिनिष्ठा.’ त्यांनी ते तीन शब्द वहीत लिहून घेतले. वार्षिक परीक्षेला उपयोगी पडतील म्हणून असणार.

आता तेच उत्तर शांतपणे वाचून बघा. पहिल्या वाक्यात मत आहे. दुसऱ्यात त्या मताला उताऱ्यातला पुरावा आहे. तिसऱ्यात पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. चौथ्या-पाचव्यात तुलना, आणि शिवाय ‘अशी एक आहे’ म्हणताना सिंधू ही एकटीदुकटी बाई नसून एक नमुना आहे हे ओळखणं. युक्तिवाद, दृष्टिकोन, तुलना, पात्राचा प्रकार असे चार वेगळे प्रश्न आपण वर्षभर शिकवतो. बाईंनी पाच ओळींत चारही सोडवले होते. माझ्याकडच्या यादीतले तीन शब्द तेवढे त्यात नव्हते.

उत्तरात एक चूक मात्र होती आणि ती मला त्या दिवशी दिसलीच नाही. सुधाकर सुटत नाही. फौजदाराच्या हातून सुटतो, पण त्याच नाटकात दारूत विष घालून घेतो. मी निवडलेल्या पानात साक्ष होती, विष नव्हतं. म्हणजे त्यांचा निष्कर्ष चुकला त्याला निम्मा जबाबदार उतारा तोडणारा मी. खरं तर तीन मार्क देऊन कडेला लिहायला हवं होतं, ‘सुधाकर पुढे विष घेतो. मग तुमचं मत बदलेल का?’ असा शेरा मी माझ्या आख्ख्या नोकरीत किती वेळा मारला असेल? एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

आपण प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतो. तिच्यात ‘स्वमत’ आहे, ‘अभिव्यक्ती’ आहे. नावं उत्तम आहेत. पण स्वमत तपासायला बसताना आपल्या डाव्या हाताला नमुना उत्तर असतं आणि त्यातले मुद्दे उजव्या हातातल्या कागदावर सापडतात का, एवढंच आपण बघतो. सापडले की टिक. शब्द सापडला, विचार सापडला की नाही ते बघायला वेळ नाही. मुलांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. गाईडवाल्यांना तर त्याहून आधी. हल्ली गाईडही लागत नाही. मोबाइलला विचारलं की तोही तेच तीन शब्द देतो, फक्त जास्त नटवून. आपण मागतो तेच बाजारात पिकतं.

युक्तिवादाचंच घ्या. ‘लेखिकेचा युक्तिवाद स्पष्ट करा’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘लेखिकेने स्त्रियांवरील अन्यायाला वाचा फोडली आहे.’ हा विषय झाला, युक्तिवाद नव्हे. वाचा फोडली, पण कशी? मी यासाठी वर्गात ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ काढतो. पुण्यात १८८२ साली छापलेलं छोटंसं पुस्तक, लिहिणारी बुलढाण्याची. आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती कमी केली गेली. त्यावरून ‘पुणेवैभव’ पत्रानं एकंदर बायकांच्याच चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं आणि ताराबाईंनी लेखणी उचलली.

आता त्यांची रीत बघा. ‘बायकांवर अन्याय होतो हो’ असं म्हणून त्या रडत नाहीत. स्त्रीची निंदा करणारा एक जुना संस्कृत श्लोक उचलतात. स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, अविनयाचं घर, साहसांचं नगर, दोषांचा साठा, कपटाचं आगर, अशी त्यात जंत्री आहे. ताराबाई तीच जंत्री हातात धरून एकेक आरोप पुरुषांपुढे ठेवतात. कपट म्हणता? बरं, पुरुषांचं कपट बघू. साहस? तेही बघू. आरोपीनं फिर्यादीचीच आरोपपत्रिका घेऊन फिर्यादीला कोर्टात उभं करावं तसं. हा युक्तिवाद. मुलानं ‘वाचा फोडली’ हा शब्दप्रयोग न करता एवढंच लिहिलं की ‘जे दोष बायकांचे म्हणून सांगितले तेच तिने पुरुषांत दाखवले’, तर पूर्ण मार्क द्यायला हात का थरथरावा? आणि एखाद्यानं लिहिलं की ‘समोरच्यात तोच दोष दाखवला म्हणून आपला दोष खोटा ठरत नाही’, तर? माझ्या वर्गात एका कॅन्टीनच्या पोऱ्यानं हे विचारलं होतं. ताराबाईंच्या विरोधातलं मत, पण युक्तिवाद म्हणजे काय हे त्याला वर्गात सगळ्यांत जास्त कळलं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं, की ताराबाईंना बायका निर्दोष ठरवायच्याच नाहीत, शिक्षा एकालाच का एवढंच विचारायचं आहे. त्या पोरानं आक्षेप घेतला नसता तर मी ते कधी शोधलं नसतं. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली, म्हणजे त्या काळीही हे पुस्तक भांडण लावणारं होतं. भांडण लावणारं पुस्तक शिकवायचं आणि भांडणारं उत्तर कापायचं, हा कुठला न्याय?

पुस्तकाच्या नावातच ‘तुलना’ आहे, आणि तुलना शब्दाच्या पोटात ‘तुला’ म्हणजे तराजू आहे. तराजूला दांडी एकच असते. मुलं काय करतात? ‘पहिल्या कवितेत कवीने निसर्गाचे वर्णन केले आहे, तर दुसऱ्या कवितेत कवीने आईचे वर्णन केले आहे.’ एका पारड्यात कांदे, दुसऱ्यात कापड, आणि मधे ‘तर’. आपण ‘तर’ बघून टिक करतो. आमच्या वर्गात भाजीची गाडी लावणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना मी विचारलं, दोन मेथीच्या जुड्यांतली एक कशी निवडता? पान, देठ, माती, भाव, असं त्यांनी पटापट सांगितलं. म्हटलं, हेच कवितेला लावा. आधी कशाच्या बाबतीत तोलायचं ते ठरवा, मग दोन्ही कविता त्याच काट्यावर घाला.

परत ‘एकच प्याला’कडे येतो, कारण तुलनेसाठी त्याच्यासारखं दुसरं नाटक नाही. सिंधू आणि गीता. सुधाकर दारू पितो, तळीरामही पितो. दोघींच्या घरात एकच बाटली फिरते आहे. सिंधू सोसते. तळीरामाची बायको गीता फटकळ, तोंडावर बोलणारी. सिंधूच्या घरच्या दारूनं प्रेक्षक रडतो आणि तळीरामाच्या पिणाऱ्यांच्या मंडळातल्या दारूनं हसतो. का? गडकऱ्यांनी एकीच्या वाट्याला करुण रस दिला आणि दुसरीच्या अवतीभवती विनोद पेरला, तो तिच्या स्वभावामुळे, नवऱ्याच्या पायरीमुळे की नाटकाला मधे श्वास हवा म्हणून? १९१९ साली हे नाटक गंधर्व मंडळीनं रंगभूमीवर आणलं तेव्हा ते बघायला गडकरी नव्हते. जानेवारीतच ते गेले होते. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. सगळं थिएटर रडायचं म्हणतात. माझी शंका अशी की आपलं ‘त्याग, सहनशीलता, पतिनिष्ठा’ हे नमुना उत्तर तिथेच, त्या रुमालांतच तयार झालं आणि शंभर वर्षं आपण ते फक्त उतरवून काढतो आहोत. गीतेचं व्यक्तिचित्र मात्र कुणी विचारत नाही.

पात्रांच्या प्रकारांबद्दल फार बोलत नाही. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रानं नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार खण करून ठेवले आहेत. इंग्रजीवाले एकाच पैलूच्या पात्राला सपाट आणि अनेक पैलूंच्या पात्राला गोल म्हणतात. खण असायला हरकत नाही. पण मुलानं पात्र उचलून खणात टाकलं की आपण मार्क देतो, ते पात्र त्या खणात मावतं का हे विचारत नाही. तळीराम ‘खलनायक’ म्हणून निकालात निघतो. मूळ नाटकात हा सुधाकराचा कारकून. वकील सुधाकराची सनद काही काळासाठी रद्द होते, मानी माणूस अपमानानं जळत असतो आणि त्या क्षणी हा पेला पुढे करतो. त्यात त्याला सुधाकराचं वाटोळं करायचं असतं का? तो तर स्वतःच बुडालेला. स्वभावानं पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभर न बदलणारं पात्र, आणि तरी इतकं जिवंत की ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतर प्रत्येक मराठी वर्तमानपत्रात ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा येतो. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. पात्र ‘टाइप’ असणं म्हणजे कच्चं असणं नव्हे, हे यापेक्षा सोप्या उदाहरणानं कसं समजवायचं? तेच पुलंच्या नारायणाचं. प्रत्येक लग्नघरात एक नारायण असतोच, असं आपण म्हणतो तेव्हा पात्राच्या प्रकारावरच्या प्रश्नाचं उत्तरच देत असतो, फक्त पेपरात नाही.

दृष्टिकोन हा शब्द तर आपण अगदी वाया घालवला. मराठीत त्याचे दोन अर्थ एकमेकांत घुसले आहेत. एक म्हणजे मत, दुसरा म्हणजे बघणारा कुठे उभा आहे ते. आपण पहिला घेतो: ‘लेखकाचा दृष्टिकोन सुधारणावादी आहे.’ झालं. दुसरा राहूनच जातो, आणि गोष्टीची सगळी गंमत तिथे असते.

‘श्यामची आई’ मराठी घरात कोण ओळखत नाही? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण गोष्ट कोण सांगतं आहे, असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, ‘लहान श्याम.’ नाही. आश्रमातल्या सोबत्यांना रात्री-रात्री गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आई गेलेली आहे. पोहायला जायचं टाळून श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला मारत मारत विहिरीवर धाडते, तो प्रसंग घ्या. मोठा श्याम तो कृतज्ञतेनं सांगतो. माळ्यावर लपलेल्या पोराला विचारलं असतं तर त्यानं हाच प्रसंग कसा सांगितला असता? हा प्रश्न मी वर्गात टाकला, तेव्हा कुरियरवाला एक जण म्हणाला, ‘सर, तेव्हा त्याला पाठ दुखत असणार. आई आता नाहीये म्हणून ती गोड वाटतेय.’ निवेदकाचं अंतर हा शब्द त्याला माहीत नव्हता. पण वळाचं दुखणं आणि आठवणीचं दुखणं यातला फरक त्यानं बरोबर पकडला. हे वाक्य बोर्डाच्या पेपरात आलं असतं तर? मला खात्री आहे, मीच कडेला लिहिलं असतं, ‘आईविषयी आदर व्यक्त झालेला नाही.’

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये तर आख्खी कादंबरी यमू स्वतः बोलते. ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. लिहिणारा पुरुष, बोलणारी विधवा बाई. हरिभाऊंचं मत विधवांच्या बाजूचं होतं हे कोणीही सांगेल. त्यांनी ते मत स्वतःच्या तोंडानं न मांडता यमूच्या तोंडून का वदवलं, हा प्रश्न. आमच्या वर्गात दोन तास वाद झाला होता. अर्ध्या बायका म्हणाल्या, पुरुषाला हे कळूच शकत नाही, आणि उरलेल्या अर्ध्या म्हणाल्या, ह्याला कळलंय. दोन्ही बाजूंनी पुस्तकातली पानं उघडून दाखवली. शिपाई दिवे घालवायला आला तेव्हा कुठे आम्ही उठलो.

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. गठ्ठे ठरल्या दिवसांत परत करायचे असतात. दिवसभर शाळा करून रात्री पेपर तपासायचे असतात. शिवाय आता उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. पालक येऊन बसतो, ‘याला तीन दिले, त्याला दोन का?’ मग यादीवर बोट ठेवता आलं की सुटलो. भीती खोटी नाही. पण पुरावा हाही बोट ठेवण्यासारखाच असतो. ‘या विद्यार्थ्यानं मत मांडलं आणि पाठातली ओळ दिली, त्यानं मत मांडलं पण ओळ दिली नाही’, हे पालकालाही कळतं. ‘सहनशीलता हा शब्द नव्हता’ हे सांगणं उलट जास्त अवघड आहे. मला त्या बाईंना सांगताना जड गेलं होतंच.

म्हणून येत्या मार्चआधी नियामकांची बैठक होईल तेव्हा माझी एवढी विनंती मांडा. नमुना उत्तराच्या शेजारी त्याच प्रश्नाचं उलट बाजूचं एक उत्तर ठेवा, आणि त्यालाही पूर्ण मार्क पडलेले असू द्या. सिंधू आदर्श आहे म्हणणारं एक, नाही म्हणणारं एक, दोन्हींत उताऱ्यातली ओळ दाखवलेली. गठ्ठा घेऊन घरी जाणाऱ्या परीक्षकाला तेवढं बघितलं तरी पुरे. त्याला कळेल की मत कुठलंही चालतं, आधार नसलेलं चालत नाही. सुधाकर विष घेतो हे विसरलेल्या उत्तराचे मार्क खुशाल कापा, पण ते विसरल्याबद्दल कापा. आणि प्रश्न काढणाऱ्यांनो, उतारा कुठे तोडता ते जरा बघा. मी चुकीच्या जागी तोडला होता.

आणि ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असं छापता, तर ते शब्द धुणंभांडी करणाऱ्या बाईचे असतील, कुरियरवाल्याचे असतील हे धरून चाला. ‘पटत नाही’ हाही त्यांचाच शब्द.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रात्रशाळेतला एक मराठीचा मास्तर

ता. क. गठ्ठा सापडल्यावर त्या बाईंचा फोन नंबर शोधून काढला. आता त्या पोळीभाजीचं केंद्र चालवतात. म्हटलं, तुमच्या सिंधूच्या उत्तराबद्दल बोलायचं होतं. म्हणाल्या, ‘उत्तर आठवत नाही सर. एक मार्क आठवतो.’ मग मी त्यांना सुधाकराच्या विषाचं सांगितलं. पलीकडे लाटण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘मग तिची साक्ष फुकटच गेली की. हे तेव्हा का नाही सांगितलंत?’